दारामागचा आवाज

२ फेब्रुवारी

आजपासून वही लिहायला घेतली. लोक म्हणतात, दैनंदिनी आपण स्वतःसाठी लिहितो. थापा आहेत. उद्या माझं चरित्र कुणीतरी लिहिणारच, आणि तो जो कोण टिकोजीराव असेल तो चार जणांकडून ऐकून काहीबाही ठोकून देईल. त्यापेक्षा माझ्या अक्षरात असलेलं बरं. तर चरित्रकारा, नोंद घे. हिंदी सिनेमात निर्माता-दिग्दर्शक म्हणून माझी सव्वीस वर्षं झाली. अकरा चित्रपट. चार तुफान चालले, चार बरे चालले आणि शेवटचे तीन सपशेल आपटले. तिन्ही वेळा चूक माझी नव्हती, पण ते सविस्तर नंतर कधीतरी.

हा बारावा. हाही आपटला तर मला कुणी दारात उभं करणार नाही, एवढं मला कळतं.

गोष्ट सरळ आहे. निवृत्त जेलर आणि त्याचा वाया गेलेला मुलगा. मुलगा म्हणजे आपला हिरो. जेलरचं काम करणारा म्हातारा नट काल जिन्यावरून पडून पाय मोडून बसला. सेट उभा, हिरोच्या तारखा ठरलेल्या. सकाळी चहा पिताना ही म्हणाली, "दादांना का नाही विचारत?"

दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ, वय सदुसष्ट. तरुणपणी नाटकात त्याचं नाव होतं. वडील गेले तेव्हा मी कॉलेजात होतो. त्याने नाटक सोडलं आणि पाणीपुरवठा खात्यात नोकरी धरली. माझं सिनेमाचं शिक्षण त्या पगारावर झालं, हे मी कधी नाकारलेलं नाही. फक्त लोक ते मला उठता-बसता ऐकवतात, त्याचा वीट येतो. सव्वीस वर्षांत भावाला एक काम दिलं नाही, असं ही म्हणते. अगं, तो नाटकी आहे. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकायची त्याला सवय. सिनेमात रांगा नसतात, कॅमेरा नाकासमोर असतो.

पण गळ्याशी आलं की माणूस काय करणार. केला फोन. तो म्हणाला, "मी?" मग म्हणाला, "किती वाजता यायचं?"

९ फेब्रुवारी

दादा रोज वेळेच्या अर्धा तास आधी येतो आणि मेकअपच्या खोलीत कोपऱ्यातली खुर्ची धरून बसतो. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. स्वतःचे सोडाच, हिरोचेही संवाद त्याला पाठ. काल हिरो अडखळला तर दादाने ओठ न हलवता पुढचा शब्द पुरवला. हिरोला आवडलं. मला नाही आवडलं. सेटवर शब्द पुरवायला मी पगारी माणूस ठेवला आहे.

कामाचं म्हणाल तर ठीक. आवाज त्याने बराच खाली ठेवलाय, कुणी शिकवलं कोण जाणे. आमचा रेकॉर्डिस्ट मात्र खुळावलाय. याला सगळे 'बहिरेसाहेब' म्हणतात, कारण दोन खोल्यांपलीकडे पंखा कुरकुरला तरी त्याला ऐकू येतो. तो मला म्हणाला, "साहेब, हा गळा इतकी वर्षं कुठे लपवून ठेवला होता?" मी म्हटलं, "पाणीपुरवठा खात्यात." सगळे हसले. दादाही हसला.

१६ फेब्रुवारी

आज दाराचा सीन झाला. मुलगा तुरुंगातून पळून घरी येतो, दार ठोठावतो. बाप दार उघडत नाही, आतून बोलतो. साडेचार मिनिटं. कॅमेरा पूर्ण वेळ मुलाच्या चेहऱ्यावर. बाप दिसतच नाही, नुसता ऐकू येतो. ही कल्पना माझी, हे लिहून ठेवतो.

दादाला म्हटलं, तू दिसणार नाहीयेस, घरी जा, संवाद कुणीही वाचेल. तो म्हणाला, "नको, त्या पोराला उत्तर द्यायला कुणीतरी हवं." आणि जेलरचा कोट चढवून, बटणं लावून दारामागे जाऊन उभा राहिला. तिथे त्याला कुत्रंसुद्धा बघत नव्हतं.

हिरो रडला. खरा रडला. ग्लिसरीनची बाटली मेकअपवाल्याच्या हातात तशीच राहिली. मी कट म्हटल्यावरही कुणी हललं नाही.

या हिरोबरोबर माझा हा चौथा चित्रपट. मी त्याला शिव्या घातल्यात, गोंजारलंय, एकदा दिवसभर उपाशी ठेवलंय. डोळ्यातून टिपूस निघालं नव्हतं. आज साडेचार मिनिटांत निघालं. मी शॉट ओके केला आणि जेवायला गेलो. दादाला काहीतरी म्हणायला हवं होतं, पण सुचलं नाही, मग राहून गेलं. तसं पाहिलं तर सगळी करामत संवादांची आहे, आणि संवाद मी लिहिलेत.

२७ फेब्रुवारी

शूटिंग संपलं. दादाचा आवाज बसलाय. सर्दी असेल.

८ मार्च

सकाळी वहिनींचा फोन. त्या मला कधी फोन करत नाहीत.

"भाऊजी, यांच्या घशात गाठ निघाली आहे. चांगली नाही म्हणतात. चोवीस तारखेला ऑपरेशन. आवाजाची पेटीच काढणार आहेत." मग म्हणाल्या, "नंतर बोलता येणार नाही. कधीच."

मी सुन्न झालो. खरोखर झालो. खुर्चीत बसून राहिलो. मग दादाने फोन घेतला. घोगरा होता, पण शब्द सगळे कळत होते.

"ऐक. डॉक्टर म्हणाले, तोवर बोलायला हरकत नाही. दुपारनंतर आवाज मोकळा होतो. माझं डबिंग तेवढं उरकून टाकू. दोन दिवसांचं काम आहे."

चरित्रकारासाठी खुलासा. शूटिंगच्या जागी घेतलेला आवाज कच्चा असतो. त्यात जनरेटर असतो, कॅमेऱ्याची घरघर असते, खोकणारे लोक असतात. तो टेपवर फक्त अंदाजासाठी घेतात. नंतर नट डबिंग थिएटरात, पडद्यावर स्वतःचे ओठ बघत, तेच संवाद पुन्हा बोलतो. तोच आवाज चित्रपटात जातो. म्हणजे दादाचं अर्धं काम अजून व्हायचंय, आणि दाराच्या सीनमध्ये तर सगळंच.

"उरकू की," मी म्हटलं. "सोळा दिवस आहेत हातात."

"मला माझ्याच आवाजात जायचंय रे पडद्यावर," तो म्हणाला. "एकदाच जाणार आहे."

११ मार्च

डबिंग थिएटर तेरा ते एकवीस आपलं. हिरो बावीसला परदेशी जातोय, तेव्हा पहिला नंबर त्याचा. दादाला शेवटचे दोन दिवस ठेवलेत. ही म्हणाली, "हिरोचा आवाज परदेशातून आल्यावरही राहणारच आहे ना?" शेड्यूल म्हणजे काय हे घरात बसून कळत नाही.

१३ मार्च

हिरो आला नाही. मूड नाही म्हणे. बहिरेसाहेब म्हणाले, "दादांना बोलावू? वीस मिनिटांवर राहतात." मी म्हटलं, हिरो कोणत्याही क्षणी टपकेल. संध्याकाळपर्यंत दोघांनी समोरासमोर बसून पेपर वाचला.

१४ मार्च

आजही नाही. बहिरेसाहेबांनी पुन्हा तेच टुमणं लावलं. मी त्यांना नीट समजावलं की दाराच्या सीनमध्ये हिरोचे हुंदके आधी घ्यायला हवेत, बापाचे शब्द त्यावर बसवायचे. उलट केलं तर सगळा तोल जातो. याचं एक शास्त्र आहे. ते म्हणाले, तीस वर्षांत हे शास्त्र कानावर आलं नव्हतं. कानांबद्दल फारच अभिमान आहे माणसाला.

१६ मार्च

हिरो आला एकदाचा. बाहेरच्या बाकावर बघतो तर दादा. कुणी बोलावलं नव्हतं. मांडीवर संवादांचे कागद, शेजारी कोमट पाण्याचा थर्मास.

"मध्ये वेळ मिळाला तर दोन-चार तुकडे करून टाकू म्हटलं."

"घरी जा, दादा. गळ्याला आराम दे."

"इथंही गप्पच बसतो की. गप्प बसायला घर कशाला लागतं?"

हिरो साडेतीनला गेला. पुढे थिएटर मोकळंच होतं, पण मला एडिटरकडे जायचं होतं. एडिटरकडे जायला मागचा जिना सोयीचा पडतो, त्यामुळे दादाला सांगायचं राहिलं. सहा वाजेपर्यंत बसला होता म्हणे.

१९ मार्च

हिरोचं डबिंग संपलं. शेवटी दाराचा सीन केला. तो कानाला हेडफोन लावून दादाचा कच्चा आवाज ऐकत होता. नंतर काचेच्या खोलीबाहेर आला, सिगारेट पेटवली आणि म्हणाला, "सर, या सीनमध्ये लोक मला बघणार की त्याला ऐकणार?"

"दोन्ही."

"दोन्ही कधी होत नाही, सर." मग खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "पुढचा पिक्चर आपण करतोय ना?"

"करतोय."

"मग बघा काहीतरी."

पोरगा चलाख आहे. त्याच्या मनात काय होतं ते मला कळलं, पण मी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. माझ्या मनात तसलं काही नव्हतं आणि नाही. उद्या थिएटरचं मशीन दुरुस्तीला आहे, दादाला एकवीस दिलीच आहे. दाबून केलं तर एका दिवसात होतं.

२१ मार्च

वितरकांनी दुपारी जेवायला बोलावलं. तीन आपटलेल्या चित्रपटांनंतर वितरक स्वतःहून बोलावतो तेव्हा जायचं असतं. दादाला सकाळी फोन करून म्हटलं, उद्या करू, एक दिवस वाढवून घेतो.

"उद्या संध्याकाळी भरती व्हायचंय," तो म्हणाला. आवाज आज जरा जास्तच खरखरीत होता. "दुपारी चालेल. का आजच करून टाकू, तुझ्याशिवाय? बहिरेसाहेब आहेत की."

मी स्पष्ट सांगितलं की माझ्या चित्रपटाचं डबिंग माझ्याशिवाय होत नाही. सव्वीस वर्षांचा नियम आहे. सख्ख्या भावासाठी मोडला तर बाकीच्यांना काय तोंड दाखवू?

"बरं," म्हणाला.

जेवण पाचपर्यंत लांबलं. वितरक खूश आहेत.

२२ मार्च

थिएटर मिळालं नाही. कुणाच्यातरी गाण्याचं काम आहे. काल दुपारीच फोन करायला हवा होता, पण जेवणावरून उठता येत नव्हतं. दादाला कळवायला माणूस पाठवला, तोवर तो घरून निघाला होता. दोनला आला, चारला परस्पर हॉस्पिटलात गेला.

ही वहिनींच्या सोबतीला राहायला गेली. जाताना माझ्याशी काही बोलली नाही. धसका घेतलाय तिने.

२४ मार्च

ऑपरेशन झालं. व्यवस्थित.

९ एप्रिल

दादाच्या कामासाठी नकलाकार आणला. याला सगळे 'पोपट' म्हणतात. स्टेजवर नटांच्या नकला करून पोट भरतो. कच्चा आवाज हेडफोनवर ऐकतो आणि तसंच्या तसं बोलतो. तासाभरात त्याने दादा असा उचलला की मी चाट पडलो. आणि लोक म्हणतात, एका माणसासारखा दुसरा माणूस मिळत नाही.

बहिरेसाहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "निदान दाराच्या सीनला तरी दादांचा ठेवा. त्या दिवशी जनरेटर बंद होता. आवाज स्वच्छ आहे, जसाच्या तसा घेता येईल."

"माझ्या चित्रपटात कच्चा आवाज जाणार नाही."

"कच्चा नाहीये तो, साहेब."

"बहिरेसाहेब, तुम्ही आवाज सांभाळा. चित्रपट मी सांभाळतो."

१२ एप्रिल

दादा आला. गळ्याला पट्टी, हातात शाळेतल्या पोरांची असते तसली छोटी पाटी. त्यावर लिहिलं, 'मदत करू का?' मला बरं वाटलं. घरात बसून काय करणार बिचारा, करमणूक होईल.

पोपटाच्या शेजारी स्टूल टाकून बसला. पोपट बोलला की हा पाटीवर लिहून दाखवायचा. 'श्वास आधी.' 'इथे रागावलेला नाही, थकलाय.' 'शेवटचा शब्द गिळ.' पोपट सुधारत गेला. मी काचेतून बघत होतो. चार तुकडे उत्तम झाले. पाचव्याला पोपट हेडफोन काढून बाहेर आला.

"साहेब, यांच्यासमोर मला जमत नाहीये."

"का? चांगलं तर चाललंय."

"ते माझ्याबरोबर ओठ हलवतात, साहेब."

काम अडून चालणार नव्हतं. दादाला म्हटलं, तू बाहेर बाकावर बस. गेला. कागद मात्र पोपटाकडे ठेवून गेला. त्यावर कुठे थांबायचं, कुठे श्वास घ्यायचा, सगळ्या खुणा पेन्सिलीने केलेल्या.

१३ एप्रिल

दाराचा सीन केला. मी पोपटाला म्हटलं, खुणाबिणा सोड, दणक्यात बोल. बाप गरजला पाहिजे. दादाने तिथे आवाज नको इतका खाली घेतला होता, ऐकणाऱ्याचं लक्ष त्याच्याकडेच जायचं. आता सगळं लक्ष हिरोवर राहतं. हिरोला परदेशी फोन लावून ऐकवला. म्हणाला, "सर, तुम्ही बादशहा आहात."

काम झाल्यावर कच्च्या टेपा पुसून गाण्यांसाठी वापरायला सांगितलं. नेहमीचीच पद्धत आहे. शिवाय दोन आवाज शेजारी ठेवून तुलना करत बसणारे रिकामटेकडे युनिटमध्ये कमी नाहीत.

२९ एप्रिल

वहिनी ऑफिसात आल्या. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"भाऊजी, एक मागायला आले आहे. यांच्या आवाजाची टेप असेल ना तुमच्याकडे? सिनेमातली नको. शूटिंगमधली, कसलीही."

"काय करणार तिचं?"

"ऐकणार," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे कधी टेपरेकॉर्डर नव्हता. एकेचाळीस वर्षं माणूस घरात बोलत होता, त्याचा आवाज साठवून ठेवायचा असतो हे कुणाला सुचतं? आता मला तो आठवतो, पण रोज थोडा कमी आठवतो."

टेपा पुसल्या हे सांगणं जिवावर आलं. बघतो म्हटलं.

२ मे

बहिरेसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "सगळ्या तुमच्या हुकमाने पुसल्या. एक राहिली. लेबल नव्हतं तिला. दाराच्या सीनच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मशीन चालूच राहिलं होतं, त्यातली आहे. तीन मिनिटं आहेत. आधी तुम्ही ऐका, मग वहिनींना देऊ."

हेडफोन लावला. ताटांचे आवाज, खुर्च्या ओढल्याचे आवाज. मग माझा आवाज. म्हणजे मला वाटलं माझा. "छान, फार छान. आता तेच, पण वेगळं. मला ते काय म्हणतात ते दिसत नाहीये." तो दादा होता. माझी नक्कल करत होता. मी खोकतो कसा, सिगारेट शोधतो कसा, चष्मा कपाळावर असताना चष्मा मागतो कसा, सगळं. आणि युनिट हसत होतं. लाइटवाले हसत होते, मेकअपवाला हसत होता, हिरो तर खिंकाळत होता. माझ्या पैशाचं जेवण जेवून.

मग बहिरेसाहेबांचा आवाज आला, "आणि शॉट खरंच चांगला झाला तर काय म्हणतात आमचे साहेब?"

पुढे दादा स्वतःच्या आवाजात बोलला. "तेव्हा तो काही म्हणत नाही. डोकं खाजवतो आणि निघून जातो. लहानपणापासूनचं आहे. मी नाटकात काम करायचो तेव्हा हा विंगेत उभा राहून असाच डोकं खाजवायचा. आज बघितलंत ना, किती खाजवत गेला? बस. तेवढ्यासाठीच आलो होतो मी."

आणि पुन्हा हसण्याचा आवाज. शेवटपर्यंत हसतच होते सगळे.

माझे कान तापले. एवढी वर्षं मी यांना काम दिलं, आणि हे माझ्या पाठीमागे असे. आणि ही टेप वहिनींच्या घरी रोज वाजणार? आमची ही तिथे बसून ऐकणार? शेजारीपाजारी ऐकणार? उद्या चरित्रकाराच्या हाती लागली तर?

"पुसा," मी म्हटलं.

बहिरेसाहेब माझ्याकडे बघत राहिले. "तुम्ही पूर्ण ऐकलीत ना, साहेब?"

"पूर्ण ऐकली. पुसा."

"मी नाही पुसणार. लाल बटण ते. तुम्हीच दाबा."

दाबलं. तीन मिनिटं लागली. बहिरेसाहेब तोवर बाहेर जाऊन उभे राहिले. नंतर कळलं की त्यांनी राजीनामा टेबलावर ठेवलाय. माझी टिंगल चालवायची आणि वर तोराही दाखवायचा.

५ मे

वहिनींकडे गेलो. टेप कोरी निघाली म्हणून सांगितलं. हीसुद्धा तिथेच होती, दाराशी उभी. दादा आत झोपला होता.

वहिनी म्हणाल्या, "बरं." मग म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही एकाच घरात वाढलात. तुम्ही त्यांच्यासारखं बोलून दाखवाल? एखादं वाक्य. मी डोळे मिटते."

विचित्रच मागणं. पण दुखणाईत घर आहे, म्हटलं, चला. तोंड उघडलं. आणि काय गंमत, मला तो आवाज आठवेचना. टेपवर परवाच ऐकला होता. नुसतं हसणं आठवत होतं.

मग मला सुचलं. मी म्हटलं, "वहिनी, काही काळजी करू नका. उद्या आमच्या पोपटालाच पाठवतो. तो हुबेहूब बोलतो." ही आत निघून गेली. जिना उतरताना मला फार हलकं वाटत होतं. कुणाचं एवढं मनावर घेणारा मीच एक आहे या धंद्यात.

६ मे

पोपट दुपारी परत आला. चेहरा पडलेला. विचारलं, बोललास का?

"बोललो, साहेब."

"काय बोलायला लावलं वहिनींनी?"

"'अगं, चहा झाला का?' एवढंच. त्या स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहिल्या आणि मला बाहेरच्या खोलीतून विचारायला सांगितलं."

"मग?"

"पहिल्यांदा त्यांनी काही उत्तर दिलं नाही. दादा खुर्चीत बसले होते. त्यांनी पाटीवर लिहिलं, 'अगं जरा लांबव.' मी लांबवला. मग लिहिलं, 'एवढं गोड नको, मी पेपर वाचतोय.' असं सात वेळा केलं, साहेब. आठव्या वेळी वहिनी आतून 'हो, आणते' म्हणाल्या. आणि चहा घेऊन आल्या. दोन कप. मला नव्हता त्यात."

"बघ, झाली की नाही खूश."

"दादांनी पाटीवर लिहिलं, 'उद्या याच वेळेला याल का?' मी हो म्हटलं. मी आता रोज तिथे जाणार आहे, साहेब. तुमच्याकडचं काम जमणार नाही."

मी म्हटलं, तुझी मर्जी. तुझ्यासारखे पन्नास पोपट मिळतात. तो जायला निघाला तेव्हा मी सहज विचारलं, "माझ्याबद्दल काही लिहिलं का दादाने?"

"नाही."

"काहीच नाही? मी पाठवलं म्हणून तरी?"

तो दारात थांबला. "पाटी फार लहान आहे, साहेब," म्हणाला आणि गेला.

खरंच आहे ते. एवढ्याशा पाटीवर माणूस लिहिणार तरी काय आणि किती. सेटवाल्याला फोन करून सांगितलं, शाळेच्या सीनसाठी केलेली मोठी पाटी आहे ना, ती उद्या सकाळी दादाकडे पोचती कर.